शुक्राणू आणि लहान आरएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीर्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं रोजचं काम. अलीकडे रिपोर्ट न्यायला येणारी मंडळी फोनवर वाचलेलं काहीतरी घेऊन येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "मॅडम, माझ्या शुक्राणूंतला आरएनए खराब असेल का हो?" काउंटरवर उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लहान आरएनए म्हणजे नेमकं काय?

डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन, हे आपण शाळेत शिकलो. ते बरोबरच आहे, पण तेवढंच नाही. माणसाच्या जनुकसंचातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांची माहिती धरून असतो. उरलेल्या भागातूनही आरएनए तयार होतात आणि त्यांतल्या कित्येकांपासून कधीच प्रथिन बनत नाही. ते आरएनए म्हणूनच काम करतात.

त्यांतले साधारण २० ते ३५ अक्षरांचे तुकडे म्हणजे लहान आरएनए. (आरएनएच्या साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर.) प्रथिनाचा निरोप नेणारा एमआरएनए बहुतेक वेळा हजारभर अक्षरांचा किंवा त्याहून मोठा असतो, त्यावरून हे किती चिमुकले ते लक्षात येईल. लहान आरएनए स्वतः सहसा काही कापत नाही. तो पत्ता सांगतो. कापायचं किंवा गप्प बसवायचं काम त्याला धरून बसलेलं प्रथिन करतं. पत्ता जुळला की समोरचा निरोप नष्ट होतो, किंवा डीएनएचा तो भाग कुलूपबंद होतो.

मायक्रो-आरएनए हा लहान आरएनएंचाच एक प्रकार. पहिला मायक्रो-आरएनए १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत सापडला. ते शोधणाऱ्या व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

शुक्राणू तयार व्हायला किती दिवस लागतात? आणि आरएनएचा त्यात संबंध काय?

वृषणातल्या मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू होईपर्यंत माणसात सुमारे ६४ ते ७४ दिवस धरतात. पुढे अधिवृषणातून, म्हणजे वृषणामागच्या नळीतून, बाहेर पडायला आणखी काही दिवस ते दोन आठवडे. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेले असतात. मध्यंतरी डेंगी किंवा टायफॉइडचा मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्याची खूण आजच्या रिपोर्टवर दिसू शकते. म्हणून नमुना घेताना मी हटकून विचारते, "गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?"

या काळात एका गोल, साध्या पेशीचं पार रूप पालटतं. आधी पेशींची संख्या वाढते. मग अर्धगुणसूत्री विभाजनाने ४६ गुणसूत्रांची २३ होतात. मग डोकं लांबट होतं, शेपूट फुटते, अंगावरचा जवळजवळ सगळा पेशीद्रव उतरवून टाकला जातो, आणि डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांभोवती इतका घट्ट आवळला जातो की त्यावरून नवीन काही वाचणंच बंद पडतं. अडचण अशी की वाचन बंद झाल्यावरही बरीच कामं उरलेली असतात. त्यांचे निरोप आधीच लिहून जपून ठेवावे लागतात आणि नेमक्या दिवशी उघडावे लागतात. कोणता निरोप ठेवायचा, कोणता पुसायचा, हे ठरवण्यात लहान आरएनएंचा मोठा हात असतो.

वृषणाच्या काचपट्टीवर हे डोळ्यांनी दिसतं. गोल शुक्रपेशीत केंद्रकाला चिकटून एक गडद ठिपका असतो. १८७६ मध्ये फॉन ब्रून यांनी त्याचं वर्णन केलं, पण तो कशासाठी आहे हे शंभराहून अधिक वर्षं नीट उमगलं नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की आरएनए आणि ते हाताळणारी प्रथिनं तिथे दाटीवाटीने जमलेली असतात. पहिल्यांदा तो ठिपका ओळखता आला, त्या दिवशी मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता.

पाय-आरएनए हे काय प्रकरण आहे? नाव विचित्र वाटतं.

नाव आलं फळमाशीकडून. तिच्यातलं एक जनुक बिघडलं की वृषण खुरटलेलं राहतं. त्या इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांवरून जनुकाला 'पीवी' म्हणू लागले. पीवी कुळातल्या प्रथिनांना चिकटून राहणारे आरएनए ते पाय-आरएनए. सस्तन प्राण्यांच्या वृषणात ते असल्याचं २००६ साली चार वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं. लांबी साधारण २४ ते ३१ अक्षरं.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या जनुकसंचाचा जवळजवळ ४५ टक्के भाग हा उड्या मारणाऱ्या डीएनएचा किंवा त्याच्या जुन्या अवशेषांचा आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून हे तुकडे प्रथम ओळखले आणि त्यासाठी १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. यातले बहुतेक तुकडे आता मृतवत आहेत, पण काही अजून जागे होऊ शकतात. असा तुकडा स्वतःची नक्कल करून दुसरीकडे घुसला की तिथलं जनुक फुटतं. त्वचेच्या पेशीत असं झालं तर नुकसान त्या माणसापुरतं राहतं. शुक्राणू बनवणाऱ्या पेशीत झालं तर ते पुढच्या पिढीत उतरतं.

एरवी या तुकड्यांवर मिथाइलची रासायनिक कुलुपं असतात. पण मुलाचा गर्भ आईच्या पोटात वाढत असताना, ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू होणार त्या पेशींतली जवळपास सगळी जुनी कुलुपं एकदा काढली जातात आणि नंतर नवी बसवली जातात. मधला काळ धोक्याचा. तेव्हा पाय-आरएनए पहाऱ्यावर उभे असतात. जागा झालेला तुकडा जो निरोप लिहितो तो ते पकडून कापतात, कापलेल्या तुकड्यांपासून आणखी पाय-आरएनए तयार होतात, आणि त्यांतले काही केंद्रकात जाऊन त्या तुकड्यावर नवं कुलूप कुठे बसवायचं ते दाखवतात. चोराच्याच सामानातून त्याला पकडायचा दोर वळावा, तसं हे आहे.

उंदरात पीवी कुळातली तीन प्रथिनं आहेत. त्यांतली मिली आणि मिवी-२ ही दोन काढून टाकली तर उड्या मारणारे तुकडे मोकाट सुटतात आणि पेशी अर्धगुणसूत्री विभाजनातच अडकून मरतात. तिसरं, मिवी, काढलं तर गाडी थोडी पुढे जाते. गोल शुक्रपेशी होतात, पण शेपूट फुटत नाही. तिन्ही बाबतींत नर पूर्ण वांझ.

तारुण्यात आणखी एक मोठी लाट येते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या मधल्या टप्प्यात पाय-आरएनएंचा अक्षरशः पूर येतो. यांतले बरेचसे उड्या मारणाऱ्या तुकड्यांशी जुळतच नाहीत, त्यामुळे ते करतात तरी काय, यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२० साली उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावरचा असा एकच समूह काढून पाहिला गेला. शुक्राणू तयार झाले, पण बीजांडाच्या आवरणातून आत शिरणं त्यांना जमेना.

मायक्रो-आरएनए नसतील तर काय होतं?

मायक्रो-आरएनए घडवणारं डायसर हे प्रथिन उंदराच्या शुक्रजनक पेशींतून काढलं तर प्रजननक्षमता जाते किंवा फार घटते. पण ते म्हणजे सगळेच मायक्रो-आरएनए एकदम काढण्यासारखं झालं. त्याहून बोलका प्रयोग २०१४ चा आहे. मायक्रो-आरएनए ३४ आणि ४४९ या दोन कुटुंबांचा पत्ता जवळजवळ एकच. कोणतंही एक कुटुंब काढलं तर उंदराला फरक पडत नाही. दुसरं सांभाळून घेतं. दोन्हींचे मिळून पाच मायक्रो-आरएनए काढले की शुक्राणू कमी, वेडेवाकडे आणि न पोहणारे, म्हणजे नर वांझ. शिवाय वृषणातून शुक्राणू बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्यांतले केसांसारखे सूक्ष्म तंतूही नीट हलत नाहीत.

'अमुक एक मायक्रो-आरएनए कमी आढळला, म्हणून वंध्यत्व' अशी बातमी वाचाल तेव्हा हा प्रयोग आठवा. शरीरात जोडीदार असतात.

शुक्राणूत वाचनच बंद असतं, तर त्याच्यात आरएनए येतो कुठून?

काही वृषणातून बरोबर आलेला असतो. पण बराचसा वाटेत मिळतो, आणि हे मला अजूनही थक्क करतं.

वृषणाच्या मागे अधिवृषण नावाची गुंडाळलेली नळी असते. उलगडली तर माणसात सुमारे सहा मीटर भरेल. वृषणातून निघालेला शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण पोहू शकत नाही. या नळीतून सरकताना तो पोहायला शिकतो. नळीच्या भिंतीतल्या पेशी अतिसूक्ष्म पुड्या सोडतात, आणि त्यांतून प्रथिनांबरोबर लहान आरएनएही शुक्राणूपर्यंत पोचतात. उंदरात मोजून पाहिलं तर वृषणात पाय-आरएनएंचं राज्य असतं. अधिवृषणाच्या शेवटी पोचेपर्यंत टी-आरएनएच्या तुकड्यांची गर्दी झालेली असते. टी-आरएनए म्हणजे प्रथिन जोडताना अमिनो आम्लं आणून देणारा रेणू. त्याचा साधारण अर्धा तुकडा, ३० अक्षरांच्या आसपासचा, इथे वेगळीच भूमिका घेतो.

वडिलांच्या खाण्यापिण्याचा परिणाम मुलांवर शुक्राणूंमार्फत होतो, हे खरं का?

उंदरांत होतो, हे दाखवलेलं आहे. २०१६ साली एका गटाने तेलकट आहारावर ठेवलेल्या नर उंदरांच्या शुक्राणूंतले टी-आरएनएचे तुकडे वेगळे काढले आणि साध्या आहारावरच्या उंदरांच्या फलित बीजांडात टोचले. जन्मलेल्या पिल्लांना साखर नीट पेलवेना. बापाचा डीएनए बदललेला नव्हता. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, झुरिचच्या गटाने लहानपणी आईपासून वारंवार दूर ठेवलेल्या नर उंदरांबाबत असंच काही दाखवलं होतं. तिथे फरक वागणुकीतही दिसला.

माणसांत पुरावा आहे, पण बराच तोकडा. कोपनहेगनच्या संशोधकांना २०१६ साली स्थूल आणि सडपातळ पुरुषांच्या शुक्राणूंतले लहान आरएनए वेगळे आढळले. स्वीडनमधल्या लिंशोपिंगला १५ तरुणांवर दोन आठवड्यांचा प्रयोग झाला: आधी आरोग्यदायी आहार, मग त्यात भरपूर साखर. एवढ्या थोड्या दिवसांतही टी-आरएनएचे तुकडे बदललेले दिसले. मात्र शुक्राणूत फरक दिसणं आणि त्यामुळे मुलाला आजार होणं, या दोहोंत बरंच अंतर आहे. माणसात ते अजून कुणी पार केलेलं नाही. तुमच्या मुलाला मधुमेह झाला तर तुम्ही लग्नाआधी खाल्लेल्या वडापावांमुळे झाला, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. तो निष्कर्ष आज कुणालाच काढता येत नाही.

आम्हाला वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी (प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट बीजांडात टोचणं) करायला सांगितलं आहे. अधिवृषणातला आरएनए मिळाला नाही तर बाळाला धोका?

हा प्रश्न विचारणाऱ्या जोडप्यांची झोप उडालेली असते, म्हणून आधी उत्तर: या भीतीने उपचार थांबवू नका.

भीतीचं मूळ २०१८ च्या एका उंदरांवरच्या अभ्यासात आहे. अधिवृषणाच्या सुरुवातीच्या भागातले शुक्राणू वापरले तर गर्भ रुजत नव्हते, आणि शेवटच्या भागातले लहान आरएनए टोचल्यावर रुजू लागले. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात थेट वृषणातल्या शुक्राणूंपासून झालेले गर्भ ठीक वाढले. पुढे इतर प्रयोगशाळांना सुरुवातीच्या भागातल्या शुक्राणूंपासूनही निरोगी पिल्लं मिळाली, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. इक्सीने पहिली मुलं जन्मली ती १९९२ साली, ब्रसेल्समध्ये. त्यानंतर थोड्याच वर्षांत वृषणातले शुक्राणूही वापरले जाऊ लागले आणि अशी मुलं जगभर वाढली आहेत. ज्यांना वीर्यात शुक्राणूच नाहीत, त्यांच्यासाठी हा रस्ता आजही उत्तम आहे.

माझा रिपोर्ट 'शून्य शुक्राणू' आला आहे. कारण पाय-आरएनए असू शकतं का?

असू शकतं, पण यादीत ते बरंच खाली येतं. सगळ्या पुरुषांत सुमारे एक टक्का पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू नसतात. आधी पाहायचं ते हे की वाट बंद आहे की निर्मितीच बंद आहे. डॉक्टर हाताने तपासतात, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन पाहतात, गुणसूत्रांची तपासणी करतात आणि वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळला आहे का ते बघतात. ही शेवटची तपासणी खर्चिक वाटते म्हणून टाळू नका. वाय गुणसूत्रावरच्या या जागेचे ए, बी, सी असे भाग मानतात. ए किंवा बी हा भाग पूर्ण गळला असेल तर वृषणात सुई घालून शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते; फक्त सी भाग गळला असेल तर अनेकांना सापडतात. एक शस्त्रक्रिया वाचू शकते.

यातलं काहीच सापडलं नाही, तर मग एकेका जनुकाकडे नजर जाते. पाय-आरएनए योग्य लांबीचा कातरणारं पीएनएलडीसी-१ नावाचं एक विकर आहे. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या पुरुषांत शुक्राणूंची घडण विभाजनाच्या टप्प्यावर थांबते, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. उंदरात जे दिसलं होतं तेच माणसात दिसलं. त्यानंतर याच साखळीतली आणखी जनुकं पुढे आली आहेत.

असा दोष दोन्हीकडून यावा लागतो, आई आणि वडील दोघांकडून. आपल्याकडे काही भागांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, आणि नात्यातल्या लग्नात एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. तेव्हा डॉक्टरांनी "आई-वडील नात्यातले आहेत का?" असं विचारलं तर राग मानू नका आणि लपवू नका. त्या एका उत्तराने शोधाची दिशा बदलते.

शुक्राणूंच्या आरएनएची तपासणी करून घ्यावी का?

नको. रोजच्या उपचारात उपयोगी पडेल अशी सर्वमान्य आरएनए तपासणी आज नाही. प्रयोगशाळागणिक आकडे बदलतात, एकाच माणसाचेही आठवड्यागणिक बदलू शकतात, आणि 'नॉर्मल' कशाला म्हणायचं हे ठरलेलं नाही. शिवाय शुक्राणूत आरएनए इतका कमी असतो की नमुन्यात चार पांढऱ्या पेशी शिरल्या तरी त्यांचाच आरएनए सगळं झाकून टाकतो. कुणी मोठ्या किमतीचं पॅकेज पुढे केलं तर एवढंच विचारा: "याचं उत्तर काहीही आलं तरी माझा उपचार बदलणार का?"

साधी वीर्य तपासणी मात्र नीट करून घ्या, आणि एकदा बिघडलेली आली तर दुसऱ्यांदाही. नमुन्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको. घरून आणणार असाल तर शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत धरा आणि अर्ध्या ते एका तासात पोचवा. पिशवीत बर्फ घालून आणलेले नमुने मी पाहिले आहेत. त्यात सगळे शुक्राणू निपचित पडलेले असतात आणि तो माणूस विनाकारण हादरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख हा आकडा आहे. तो पास-नापासाचा नाही. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांपैकी ५ टक्के त्याच्या खालीच होते.

आरएनए सुधारण्यासाठी काही औषध, गोळी, चूर्ण?

त्यासाठीचं औषध नाही. तंबाखू सोडणं, वजन आटोक्यात आणणं, भट्टीजवळ काम असेल तर अधूनमधून बाजूला होणं, हे सगळं शुक्राणूंसाठी चांगलं आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्राणूंतले मायक्रो-आरएनए वेगळे आढळलेही आहेत. पण बदल केल्यावर पुढच्याच आठवड्यात रिपोर्ट मागू नका. तीन महिने द्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नका. बाहेरून हे हार्मोन मिळालं की मेंदू वृषणाला काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते. पिळदार दंडांचे पंचविशीतले तरुण 'शून्य' रिपोर्ट हातात घेऊन समोर बसतात. बहुतेकांचं गाडं परत रुळावर येतं, पण त्यात महिने जातात, कधी वर्षही.

सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आहे. मुलाचीही करायची का?

सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. स्कॅन, नळ्यांची तपासणी, दुर्बीण, दोन-दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या, हे सगळं झाल्यावर नवऱ्याचा पहिला नमुना माझ्याकडे येतो आणि त्यात शुक्राणू नसतात, असं मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलं आहे. त्या बाईने सोसलेलं कुणी परत घेऊ शकत नाही. मूल न होण्याची जवळपास निम्मी प्रकरणं पूर्ण किंवा काही अंशी पुरुषाशी जोडलेली असतात. वर जे पाय-आरएनए आणि मायक्रो-आरएनए सांगितले, त्यांतला प्रत्येक बिघाड धडधाकट, मिशीदार, संबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषात असू शकतो. पुरुषत्व आणि शुक्राणूंची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आरएनए फक्त पुरुषांतच असतात का?

मायक्रो-आरएनए सगळ्यांच्याच पेशींत असतात. पाय-आरएनएंबद्दल बराच काळ समजूत होती की सस्तन माद्यांना त्यांची गरज नाही, कारण पीवी प्रथिन काढलेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं होत होती. पण उंदरांकडे पीवीचं एक भावंड मुळातच नाही. माणसांकडे आणि हॅमस्टरकडे ते आहे. २०२१ साली सोनेरी हॅमस्टरवर प्रयोग झाले आणि पीवी-१ (उंदरातल्या मिवीचं हॅमस्टरमधलं रूप) नसलेल्या माद्याही वांझ निघाल्या.

माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. त्याचं एक वृषण खाली पिशवीत उतरलेलं नाही. मोठा झाल्यावर उतरेल ना?

हा प्रश्न आरएनएचा वाटत नाही, पण इथे तो हवाच. शुक्राणूंच्या मूळ पेशी तारुण्यात अचानक उगवत नाहीत. गर्भात कुलुपं बसवून झालेल्या त्या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुढची पायरी चढून मूळ पेशी होतात, आणि आयुष्यभराचा साठा तिथे तयार होतो. पोटातल्या उबेत अडकलेल्या वृषणात हे नीट होत नाही. सहा महिन्यांपर्यंत उतरलं नसेल तर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी असते, आणि शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. घरातली मोठी माणसं "होईल हळूहळू" म्हणतील. याच आठवड्यात बाल-शल्यचिकित्सकांना दाखवा, आणि जाताना जन्माच्या वेळचे कागद बरोबर घ्या.